पणजोबाचं टायटल, आजोबाचा पासपोर्ट: एका मॅलिनोआच्या खरेदीची छाननी

चाकण एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं युनिट आणि पौडच्या पुढे मुळशी तालुक्यात शेतघर असलेल्या एका शेठना २०२४ च्या उन्हाळ्यात बेल्जियन मॅलिनोआ जातीचा नर कुत्रा घ्यायचा होता. याच जातीची अडीच वर्षांची मादी त्यांच्याकडे आधीपासून होती. नराकडून अपेक्षा दोन: रात्री शेडची राखण आणि मादीला जोड. मोशीच्या एका विक्रेत्याने तीन वर्षांचा नर दाखवला आणि किंमत सांगितली २ लाख ७५ हजार. नुसत्या राखणीच्या कुत्र्यासाठी हा आकडा फारच मोठा होता. त्यावर विक्रेत्याचं उत्तर तयार होतं, "शेठ, कुत्र्याचे पैसे वेगळे, रक्ताचे वेगळे."

रक्ताचा तपशील एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये आला होता. बाप हॉलंडहून इम्पोर्ट, केएनपीव्ही पास. कुत्रा स्वतः आयपीओ वन. हिप्स ए ग्रेड. वर्षभर बॉम्ब स्क्वाडला होता. केसीआय पेपर आहेत. मेसेजच्या शेवटी अंगठ्याची दोन चित्रं. यातलं केएनपीव्ही आणि आयपीओ म्हणजे कामाच्या कुत्र्यांच्या परदेशी परीक्षा, हिप्स म्हणजे खुब्याचे सांधे, केसीआय पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचा वंशावळीचा कागद.

माझा व्यवसाय कुत्र्यांना शिकवण्याचा. त्याच्या जोडीने असे सौदे तपासून देण्याचं कामही येतं, तसं हे आलं. शेठचे वडील, आबा, पहिल्या बैठकीला होते. खेड तालुक्यातला माणूस, चाकणच्या बाजारात उभा जन्म बैल घेतलेले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी मुलाला एकच विचारलं, "याच्या बापाला पाह्यलंय का कुणी?" कोणीच पाहिलं नव्हतं. बैलाचा दात बघता येतो, खांदा बघता येतो, औताला जुंपून बघता येतं. इथे मात्र पावणेतीन लाखांतले निदान दोन लाख न पाहिलेल्या जनावरांसाठी द्यायचे होते.

मेसेजमधलं प्रत्येक वाक्य मी वेगळं काढलं आणि प्रत्येकाला दोन प्रश्न लावले. सौद्यात ज्याचा पैसा नाही अशा कोणी हे कुठे लिहून ठेवलंय का? आणि ती नोंद नेमक्या याच जनावराची आहे का? दुसरा प्रश्न लोक विचारत नाहीत. कागद खरा असतो, पण कुत्रा दुसरा असतो.

म्हणून सुरुवात चिपपासून केली, म्हणजे कातडीखाली बसवलेल्या ओळख क्रमांकापासून. मोशीला त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्कॅनर मानेमागे, दोन्ही खांद्यांच्या मधे फिरवला. काही नाही. विक्रेता लगेच म्हणाला, "चिप हाय भाऊ, मी समोर उभा होतो बसवताना." अशा वेळी घाई करायची नाही. तांदळाच्या दाण्याएवढी ती वस्तू कातडीखाली सरकते. स्कॅनर हळूहळू छातीवरून खाली नेला, तेव्हा डाव्या कोपराच्या जरा वर तो वाजला. पंधरा अंक मी मोठ्याने वाचले, शेठच्या मुलीने ते पेपरवरच्या स्टिकरशी ताडले. तंतोतंत जुळले.

या अंकांबद्दल एक गैरसमज बाजारात फार आहे. आयएसओ पद्धतीच्या चिपमध्ये पहिले तीन अंक देशाचे असू शकतात: ३५६ भारत, ५२८ नेदरलँड्स, २७६ जर्मनी. पण ९०० च्या घरातले अंक चिप बनवणाऱ्या कंपनीचे असतात. "९ ने सुरू होते म्हणजे परदेशी कुत्रा" हे मी कितीतरी जणांकडून ऐकलंय. त्याला काही अर्थ नाही; आपल्याकडे जन्मलेल्या असंख्य पिल्लांच्या चिपा ९ नेच सुरू होतात.

चिप जुळली म्हणजे इतकंच ठरलं की केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावरचा कुत्रा हाच. जन्म जानेवारी २०२१. बापाचं नाव, आईचं नाव, वरच्या पिढ्या. हा कागद ब्रीडरने दिलेल्या माहितीवर बनतो. चेन्नईच्या ऑफिसातलं कोणी मेटिंगच्या वेळी हजर नसतं. एकाच आवारात तीन नर मोकळे असतील, तर खरा बाप कोण हे फक्त डीएनए सांगेल, आणि त्यासाठी आई-बापांचेही नमुने लागतात. तरी चिपशी जुळणारा केसीआय पेपर ही जमेची बाजू. पाच वाक्यांतलं शेवटचं खरं निघालं.

जन्मतारखेने लगेच दुसरं वाक्य पाडलं. जर्मन शुट्झहुंड परीक्षेचं नाव २०१२ मध्ये आयपीओ झालं आणि २०१९ पासून आयजीपी. २०२१ साली जन्मलेल्या कुत्र्याने आयपीओ वन पास करणं म्हणजे आज बारावी झालेल्या मुलाने मॅट्रिकचं सर्टिफिकेट दाखवणं. शिवाय या परीक्षेआधी बीएच नावाची वर्तनाची परीक्षा द्यावी लागते, तिला कुत्रा निदान १५ महिन्यांचा हवा, आणि आयजीपी वनला १८ महिन्यांचा. माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग, प्रत्येकी १०० गुण. ते गुण कुत्र्याच्या गुणपुस्तिकेत चढतात, खाली परीक्षकाची सही असते. ज्याच्याकडे टायटल, म्हणजे पास झालेली परीक्षा, आहे तो पुस्तिका आपण मागायच्या आधी काढून दाखवतो, कारण त्यात त्याची दोन वर्षं गेलेली असतात.

पुस्तिका नव्हतीच. विक्रेत्याने कोल्हापूरच्या आधीच्या ट्रेनरला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडून आवाज आला, "मी म्हटलं आयपीओच्या पद्धतीनं शिकवलंय. परीक्षा दिली असं कवा म्हटलं?" विक्रेता थोडा ओशाळला. मला तो लबाड वाटला नाही, आजही वाटत नाही. त्याच्या लेखी 'आयपीओ ट्रेन' आणि 'आयपीओ' यात फरक नव्हता. किमतीत मात्र तो फरक लावलेला होता.

आता बापाकडे. केएनपीव्ही ही १९०७ सालची डच संघटना, पोलिसी कामासाठी कुत्रे तयार करून त्यांची परीक्षा घेणारी. तिची पीएच वन परीक्षा अवघड, आणि पास झालेल्या कुत्र्यांना जगभरचे पोलीस घेतात. पण या संघटनेला वंशावळीच्या कागदाशी देणंघेणं नाही. तिथले पुष्कळ उत्तम कुत्रे बिनपेपरचे, थोडे मिश्र रक्ताचे असतात. बाप तसा असेल तर मुलाला वरपर्यंत भरलेला केसीआय पेपर मिळाला कसा? दोन्ही एकत्र खरं असू शकतं, कारण काही केएनपीव्ही कुत्र्यांना रीतसर पेपरही असतात. पण मग ते दाखवायला हवेत.

इम्पोर्टच्या दाव्याला तर सरकारी कागदाचीच कसोटी आहे. एप्रिल २०१६ पासून परकीय व्यापार महासंचालनालयाने पैदाशीसाठी कुत्र्यांची व्यापारी आयात बंद केली. सैन्य-पोलीस, संशोधन आणि स्वतःचा पाळीव कुत्रा सोबत आणणारे, एवढ्यांनाच वाट उरली. त्यामुळे कोणी "बाप इम्पोर्ट" म्हणालं की मी पहिल्यांदा साल विचारतो. त्यानंतर विमानतळावरच्या पशु विलगीकरण विभागाची एनओसी, एअर वे बिल आणि परदेशातला पासपोर्ट. मुंबईत उतरलेल्या प्राण्यामागे हे सगळं असतंच. "हरवलं" असं उत्तर आलं तरी हरकत नाही, पण ते लिहून घ्यावं.

केसीआय पेपर नीट वाचला तर उत्तर त्यातच होतं. या कुत्र्याचा बाप २०१७ साली भारतात जन्मला होता, त्याचा नोंदणी क्रमांक इथलाच. म्हणजे बाप इम्पोर्ट नव्हे. विक्रेत्याला हे खरंच माहीत नसावं. त्याने पेपर लॅमिनेट करून ठेवला होता, वाचला नव्हता. मग कोल्हापूरच्या मूळ ब्रीडरकडून एक फोटो आला. निळ्या कव्हरचा युरोपियन पासपोर्ट, ५२८ ने सुरू होणारी चिप, जन्म २०१२, भारतात आगमन २०१५. बंदीच्या आधी, रीतसर. हा होता आजोबा.

आणि केएनपीव्ही? डच हौशी मंडळींनी कामाच्या कुत्र्यांची वंशावळ इंटरनेटवर मांडून ठेवली आहे, आईबाप आणि परीक्षांसकट. आजोबाचं नाव टाकल्यावर पीएच वन सापडलं, ते त्याच्या बापाच्या नावापुढे. पणजोबा परीक्षा पास झाला, आजोबा विमानात बसला, आणि हात बदलता बदलता दोन्ही पराक्रम बापाच्या खात्यावर जमा झाले.

हे कसं घडलं ते मी फोन करकरून जुळवलं, कारण या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच. ज्याने २०१५ मध्ये कुत्रा आणला तो म्हणाला असणार, "इम्पोर्ट आहे, बाप केएनपीव्ही." शब्दन् शब्द खरा. त्याच्याकडून पिल्लू घेणाऱ्याने पुढे विकताना सांगितलं, "इम्पोर्टचा मुलगा, केएनपीव्ही लाईन." हेही खरंच, लाईन म्हणजे वंश. तिसऱ्या हाताला 'लाईन' हा शब्द गळला. चौथ्या हाताला 'मुलगा' गळला. एकानेही ठरवून थाप मारली नाही. प्रत्येकाने वाक्य थोडं आटोपशीर केलं, आणि दर विक्रीला दावा एक पिढी खाली उतरला. म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगतो, दावा खरा की खोटा हे विचारण्याआधी तो कोणाबद्दल होता ते विचारा. आजोबाकडून नातवाला सरासरी चौथा हिस्सा येतो, पणजोबाकडून आठवा. आठव्या हिश्श्यासाठी मोजायची रक्कम वेगळी.

बॉम्ब स्क्वाडचं प्रकरण झटकन मिटलं. पोलीस किंवा लष्कराचा कुत्रा म्हणजे सरकारी मालमत्ता. तो मेरठला लष्कराच्या आरव्हीसी सेंटरला, ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला बीएसएफकडे, नाहीतर अशाच एखाद्या सरकारी केंद्रात महिनोन्‌महिने शिकतो, काही वर्षं नोकरी करतो आणि निवृत्त झाल्यावर सहसा दत्तक दिला जातो. तीन वर्षांचा धडधाकट मॅलिनोआ तिथून बाजारात का येईल? एकतर काढून टाकलेला असेल, म्हणजे त्याचं कारण विचारलं पाहिजे, किंवा कधी गेलेलाच नसेल. हा दुसरा प्रकार होता. एका खासगी सिक्युरिटी एजन्सीने लग्नं आणि मॉलसाठी त्याला भाड्याने फिरवला होता. खऱ्या स्फोटकांवर त्याला कधी शिकवलं होतं का, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. खासगी माणसाला ती बाळगताच येत नाहीत सहजासहजी, त्यामुळे अंदाज अवघड नाही.

जाता जाता: पुण्यात 'जंजीरच्या खानदानातला' लॅब्रेडॉर विकायला आलेला मी पाहिलाय. १९९३ च्या मुंबई स्फोटांच्या वेळी ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून देणारा जंजीर शिवाजीनगरच्या सीआयडी श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झाला, म्हणून इथे त्याच्या नावाला वजन. तो २००० साली गेला. त्याच्यापासून आजच्या पिल्लापर्यंतची एकेक पिढी कागदावर दाखवा म्हटलं की विषय बदलतो.

हिप्सच्या 'ए ग्रेड'मागे एक एक्स-रे होता, कुत्रा आठ महिन्यांचा असताना काढलेला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'हिप्स नॉर्मल' लिहिलं होतं, आणि त्या वयात तेवढंच लिहिता येतं. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या ए ते ई श्रेणीसाठी बहुतेक जातींत कुत्रा किमान १२ महिन्यांचा लागतो, सांधे तपासणारी अमेरिकन संस्था ओएफए तर २४ महिन्यांआधी कायमचं प्रमाणपत्र देत नाही. फिल्मवर चिप नंबर नव्हता, तारीख पेनने लिहिलेली. ती फिल्म कुठल्याही कुत्र्याची असू शकत होती. आम्ही नवा एक्स-रे काढला: भूल देऊन, पाय सरळ ताणून, आधी चिप स्कॅन करून तोच नंबर प्रतिमेतच उमटवून. कोपरांचेही काढले. सांधे चांगले निघाले. इथे विक्रेत्याचा दावा त्याच्याच पुराव्यापेक्षा सरस ठरला.

मग काम. माझा नियम असा की जागा त्यांची नको आणि हेल्पर, म्हणजे जाड बाही घालून कुत्र्याला चावायला देणारा माणूस, तोही त्यांचा नको. ओळखीच्या मैदानावर ओळखीच्या माणसाच्या बाहीला लटकणारा कुत्रा खेळ खेळत असतो, चांगला खेळत असेल, पण खेळच. आम्ही त्याला रविवारी शेठच्या बंद युनिटमध्ये नेलं. गुळगुळीत इपॉक्सी फरशी, कटिंग मशीनचा वास, वर जाणारा जाळीचा लोखंडी जिना. फरशीवर पहिल्या दहा पावलांत त्याचे पुढचे पाय फाकले, नखं वाजली, आणि मग त्याने चाल बदलली, पंजे जवळ घेतले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबला. जाळीतून खालचं दिसत होतं. कान मागे, जीभ एकदा नाकावरून फिरली. हँडलर, म्हणजे त्याला फिरवणारा माणूस, काही बोलला नाही, बोलू नको असं मीच सांगितलं होतं. काही क्षणांनी तो स्वतःहून चढला. अंधाऱ्या स्टोअररूममध्ये जाड जॅकेटखाली बाही लपवलेला, त्याला कधी न भेटलेला माणूस उभा केला होता; तिथे तो आधी भुंकला, मग पूर्ण तोंड भरून धरलं आणि पत्र्याचा डबा शेजारी आपटला तरी सोडलं नाही. जिन्यावर न थांबणारे कुत्रेही मी पाहिलेत. थांबून मग चढणारा मला शेडच्या राखणीला जास्त आवडतो.

वास घेण्याची चाचणी घ्यायचं कारण उरलं नव्हतं, तरी शेठच्या आग्रहाखातर घेतली. खेळण्याचा तुकडा एका खोलीत लपवला आणि हँडलरला सांगितलं की दोन्ही खोल्यांत लपवलाय. रिकाम्या खोलीतही कुत्रा एका कपाटापाशी बसला, जिथे हँडलर रेंगाळला होता. २०११ मध्ये कॅलिफोर्नियात हँडलर आणि कुत्रा अशा १८ जोड्यांवर असाच प्रयोग झाला होता: वास कुठेच नव्हता, पण आहे असं हँडलरना सांगितलेलं, आणि 'सापडलं' म्हणून भरपूर इशारे आले. दाखवण्याच्या वेळी वस्तू कुठे आहे हे हँडलरला माहीत असेल, तर तुम्ही हँडलरची परीक्षा घेताय.

इथवर हिशोब असा होता: कुत्रा चांगला, गोष्ट फुगलेली. पण शेठना जोडीही लावायची होती, म्हणून मी मादीचा पेपर मागितला. तो कपाटात तळाशी होता. मादीच्या बापाला घरात सगळे 'मॅक्स' म्हणायचे, नोंदणीचं नाव कोणाला आठवत नव्हतं. पेपर उघडला. बापाच्या रकान्यातलं नाव ओळखीचं वाटलं, नोंदणी क्रमांक ताडला, शंका उरली नाही. मादीचा बाप म्हणजेच निळ्या पासपोर्टवाला तो डच आजोबा. २०२१ च्या शेवटी, नऊ वर्षांचा असताना, त्याच्याकडून पुण्यात एक वेत झालं होतं. त्यातली ही.

म्हणजे नर मादीचा सावत्र भाचा लागत होता, सावत्र भावाचा मुलगा. अशा जोडीच्या पिल्लांत या एका पूर्वजामुळे येणारं इनब्रीडिंग, म्हणजे नात्यातल्या पैदाशीचं माप, ६.२५ टक्के. ते काही भयंकर नाही. आयात थांबल्यापासून आपल्याकडे मॅलिनोआच्या मोजक्याच लाईन फिरतायत, नात्यातली जोडी टाळणं दिवसेंदिवस अवघड होणार आहे. पण आजोबाकडे एखादा सुप्त दोष असेल, म्हणजे मागचे पाय हळूहळू लुळे पाडणाऱ्या डिजनरेटिव्ह मायलोपॅथीचं जनुक समजा, तर त्याची एकेक प्रत दोन्ही बाजूंनी एकाच पिल्लात यायची वाट मोकळी होते. त्याची डीएनए चाचणी असते, ती आधी करायची. आणि वादाचा मुद्दा किमतीचा होता. शेठ 'नव्या रक्ता'चे दोन लाख मोजणार होते. ते रक्त त्यांच्या अंगणात अडीच वर्षं भाकरी खात होतं. आबा खूप हसले.

सौदा ९५ हजारांना झाला, राखणीच्या कुत्र्याचा म्हणून. ५०० च्या स्टॅम्प पेपरवर चिप नंबर, नव्या एक्स-रेची तारीख आणि "कोणतंही टायटल नाही, बाप भारतात जन्मलेला" असं स्वच्छ लिहिलं. केसीआयचा मालकी बदलाचा अर्ज त्याच बैठकीत भरला. विक्रेत्याचा मूळ मेसेज मी शेठना जपून ठेवायला सांगितला. ग्राहक आयोगात दोन वर्षांत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूबाबत तुम्ही ग्राहक ठरत नाही, आणि पिल्लं विकण्यासाठी नर घेतला तर समोरचा वकील नेमकं तेच म्हणेल. त्यापेक्षा आधी तपासलेलं परवडतं.

जोडीसाठी शेठनी नाशिकचा दुसऱ्या लाईनचा नर शोधला, कागद आणि एक्स-रे आधी मागवून. दरम्यान त्यांना कळलं की २०१७ च्या नियमांप्रमाणे पैदास करून विकणाऱ्याला राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, १८ महिन्यांखालच्या मादीला लावता येत नाही, आठ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही आणि विकताना चिप असावी लागते. नोंदणीच्या कागदपत्रांत एक माज हुकला, पुढच्याला वेत झालं, सहा पिल्लं.

जाहिरात शेठच्या मुलीने लिहिली. 'आईचा बाप २०१५ चा इम्पोर्ट, चिप नंबर खाली. त्याचा बाप केएनपीव्ही पीएच वन. आई-बापांच्या हिप्सच्या फिल्म मागितल्यास पाठवू. आई-बापांना कोणतंही टायटल नाही.' पहिल्या आठवड्यात आलेल्या फोनांपैकी दोघांनी विचारलं की एवढ्याच पैशात तळेगावचा माणूस आयपीओ बापाची पिल्लं देतोय, तुमचं काही कमी होईल का. मुलीने त्यांना त्या बापाची जन्मतारीख विचारून घ्यायला सांगितलं. एकाने परत फोन केला.